अर्धलीच्या टर्क्या

धुकं काही हटेना. कणसं काढून माळ्यावर टाकली त्या दिवसापासून डोंगरावर बसलं ते बसलंच. वरून भुरभुर, खालून ओल. चुलीचा धूर माळ्यापर्यंत जायचा, तिथं त्याला वाट सापडायची नाही आणि पुन्हा खाली येऊन डोळ्यांत शिरायचा.

हासिंता माळ्यावर गुडघे टेकून कणसं निवडत होती. पानं सोलायची, कणीस हातात फिरवायचं, अंगठ्यानं दाणे चाचपायचे. खणखणीत असलं तर उजवीकडं, घरच्या भाकरीला. हिरवट-पिवळी बुरशी दिसली की डावीकडं, पाखरांना. दुपार कलली तरी उजवीकडं जेमतेम एक टोपलं भरलं होतं. डावीकडचा ढीग मात्र तिच्या खांद्याला लागला होता.

"ते डावीकडचं सगळं दरीत लोट," खालून नाबोर ओरडला. नवरा होता तिचा, आणि चुलीपुढं बसून सल्ले देण्यात हुशार होता. "खालपर्यंत वास येतोय. न धुतलेल्या पायांसारखा."

"तुझ्याच पायांचा असेल."

"मी आत्ताच धुतलेत."

"मग मक्याला नावं ठेवू नकोस. दरीत लोट म्हणे! मका टाकणाऱ्याच्या घरात मका टिकत नाही. रडतो तो आणि निघून जातो."

नाबोर पुन्हा चुलीकडं वळला. त्या डोंगरात हे सगळेच मानायचे. सांडलेला दाणा ओलांडून पुढं गेलेली बाई कुणी पाहिली नाही. वाकायचं, उचलायचं, फुंकर मारून ओंजळीत घ्यायचा. माणसाला न चाललेला मका पाखरांना जायचा, पाखरांना न चाललेला डुकराला. फेकायचा म्हणून कधी कुणी फेकला नव्हता.

संध्याकाळी ती घमेलं भरून मागच्या अंगणात गेली. तिथं दोन खुराडी होती. एका खुराड्यात तिचे तीन टर्की नर, दुसऱ्यात दोमितिलाचे तीन. खरं तर सगळी पाखरं एकाच उबवणीची. वसंतात दोमितिलानं पिल्लं आणून दिली होती, अर्धलीनं. पिल्लं तिची, दाणापाणी आणि राखण हासिंताची, जगतील त्यातली निम्मी-निम्मी. दोमितिलाचं घर उतारावर, अंगण असं नाहीच, वर गावातली कुत्री. विधवा बाई, एकुलता मुलगा, तो दिवसभर कॉफीच्या मळ्यात. तिला पाखरं सांभाळणं जमण्यातलं नव्हतं.

आणि हासिंता काही परकी नव्हती. दोमितिलाच्या एल्पिदिओला बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये मांडीवर धरलं होतं ते हिनंच. ती त्याची धर्माची आई. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, आणि लहानपणी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या या बायका एकमेकींना अहो-जाहो करू लागल्या. कोमाद्रेचं नातं देवासमोर बांधलेलं. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी नाही.

पाखरं मोठी झाली तसे नर एकमेकांना रक्त निघेपर्यंत टोचायला लागले, म्हणून वाटणी आधीच करावी लागली. दोमितिला आली, प्रत्येकाच्या छातीवरून हात फिरवला, मांड्या दाबल्या, आणि थोराड तीन बाजूला काढले. "एल्पिदिओच्या लग्नाचे आहेत हो," ती म्हणाली, "नाहीतर मी अशी हात फिरवत बसले नसते."

"घ्या की. त्यात काय," हासिंता म्हणाली. पण तो फिरणारा हात तिच्या मनात राहिला. दाणा मी घातला, घाण मी काढली, आणि मोठे ही घेऊन चालली, असं तिला वाटलं. वाटायचं ते वाटतंच, त्याला कोण काय करणार.

लग्न उपासाचे दिवस लागायच्या आधी होतं. मुलाकडच्यांनी जिवंत नर खांद्याशी धरून, वाजतगाजत, नाचवत वरच्या वाडीला मुलीच्या दारात न्यायचे, ही रीत. पाखरू मान वर करून बघायला पाहिजे, गळ्याची झालर लालभडक पाहिजे. मरगळलेलं पाखरू नेलं तर मुलीकडच्या म्हाताऱ्या दारातच म्हणतात, नवरा पण असाच आहे का? आणि पहिलं पाखरू नाचवायचा मान धर्माच्या आईचा.

---

शाळेच्या आवारात पशुखात्याची पोरगी आली होती. ब्रिसेइदा तिचं नाव, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पाठीवर पेटी. आदल्या दिवशी म्हाताऱ्या तिबुर्सियाची कोंबडी मेली होती. ब्रिसेइदानं ती सगळ्यांसमोर फाडली आणि काळीज तळहातावर घेतलं. तांबडं असायचं ते पिवळं पडलं होतं. तिनं बोट दाबलं तर त्याचा भुगा झाला.

"हे बुरशीचं विष," ती म्हणाली. "तुम्ही वरची बुरशी पुसाल, पण विष दाण्यात उतरलेलं असतं. धुऊन जात नाही, भाजून जात नाही. कोंबडी थोडंफार सोसते. टर्की अजिबात सोसत नाही. कुजका मका बंद करा."

"बंद करून त्या मक्याचं करायचं काय?" तिबुर्सियानं विचारलं.

"खड्डा खणून पुरा."

बायकांनी शाली तोंडाला लावल्या. पोरीला वाटलं, पटलं.

मग तिनं पेटीतून एक वाळलेलं झाड काढलं. काटेरी, बोंडाला जांभळ्या फुलांचा चोथा चिकटलेला, पानांवर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. याचं बी वाटायचं, त्यात वाळलेला ओरेगानो आणि लसूण घालायचा, ती भुकटी दाण्याला चोळायची. बियांत असं काही असतं की ते काळजाला विषापासून राखतं. "पण नीट ऐका," ब्रिसेइदा म्हणाली. "ही छत्री आहे, छप्पर नव्हे. कितीही निवडलं तरी थोडं विष पोटात जातंच, तेवढ्यासाठी ही. कुजका मका घालून वर भुकटी टाकाल तर किती दिवस पुरणार?"

तिनं प्रत्येकीला बियांची एकेक पुडी दिली. हासिंतानं ती पोलक्यात खोचली आणि घरी येईपर्यंत तिला एवढंच आठवत होतं, की आता मका टाकावा लागणार नाही. ज्याला जे ऐकायचं असतं तेवढंच त्याच्या कानात शिरतं. त्याच दुपारी तिनं पाट्यावर बी वाटलं, लसूण ठेचला, हात हिरवे करून दोन्ही घमेल्यांतल्या कुजक्या मक्याला ती भुकटी चोळली. आधी ती भीत भीत त्यातलं कमी कुजकं निवडून घालायची. आता घमेलीच्या घमेली घालायला लागली.

"पोरगी पुरा म्हणाली होती ना?" नाबोरनं विचारलं.

"तिच्या आईनं कधी मका पेरला असता तर नसती म्हणाली."

पाखरं खाऊन तुकतुकीत होती. हासिंता दोमितिलाचे थोराड नर दाखवून शेजारणींना सांगत सुटली, बघा, भुकटी काय गुणाची आहे. दोमितिला आली, तिनं आपल्या तिघांच्या झालरी बघितल्या आणि हसली. "कोमाद्रे, हे तर नवरदेवापेक्षा देखणे झाले!"

---

मग दरड कोसळली. गावाचा रस्ता वळणावर तुटला, वर येणारी गाडी बंद झाली आणि ब्रिसेइदाही. हासिंताची भुकटी संपत आली.

एका सकाळी डबा उपडा केला तर मूठभरच निघाली. हासिंता दोन खुराड्यांच्या मधे उभी राहिली. दोन्हीकडून माना बाहेर आल्या. सहा जणांत ती मूठ वाटली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला चिमूट आली असती, आणि चिमटीनं काय होणार? घरात चांगल्या मक्याचं टोपलं होतं. ते तिला आठवलं. आठवलं, आणि तिनं ते बाजूला सारलं. ते घरच्या भाकरीचं होतं.

दोमितिलाचे थोराड आहेत, ती मनात म्हणाली. त्यांच्या अंगात ताकद जास्त. एवढं हात फिरवून फिरवून निवडले ते, सोसतील.

तिनं मूठ आपल्या घमेल्यात चोळली. दुसऱ्या घमेल्यात नुसता कुजका मका ओतला. ओतताना तिनं वर बघितलं नाही. पाखराला काय कळणार आहे? पण तिनं बघितलं नाही हे खरं.

दुसऱ्या दिवशी पुडीच्या कागदाला चिकटलेलं बी तिनं नखानं खरवडलं, तेही आपल्यांना. मग घरच्या लसणाच्या दोन गड्ड्या ठेचल्या, परसातला ओरेगानो कुस्करला, तेही आपल्यांनाच. उद्या रस्ता उघडेल, मग सगळ्यांना सारखं घालीन, असं ती रोज म्हणायची. एकदा पाप सवयीचं झालं की हात आपोआप तिकडं वळतो.

दोमितिलाचा मोठा नर एका सकाळी उठला नाही. पंख जमिनीला टेकलेले, झालर फिकट, मागं हिरवं पाणी. हासिंतानं त्याला मांडीवर घेतलं, चोच उघडून लसणाचं पाणी पाजलं. पाणी चोचीच्या कडेनं बाहेर आलं. तिनं धावत जाऊन घरातलं चांगल्या मक्याचं टोपलं आणलं, त्यांच्यापुढं उपडं केलं. उरलेल्या दोघांनी दाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. आठवडा सरायच्या आत तिन्ही गेले.

नाबोरनं शेवटचं पाखरू फाडलं. काळीज पिवळं होतं. त्यानं बोट लावून बघितलं, हात मातीला पुसला आणि आपल्या खुराड्याकडं बघितलं. तिथले तिघे थोडे मलूल होते खरे, पण उभे होते, खात होते.

"हासिंता," तो हळू म्हणाला, "हे जगले कसे?"

"गप बस."

"मी काही म्हणत नाही. नुसतं विचारतोय."

"विचारूही नकोस."

तो उठला, फावडं घेतलं आणि खड्डा खणायला गेला.

---

दोमितिला चिखलातून चालत आली. शालीखाली चार गोड पाव होते. जिची पाखरं मेली तीच पाव घेऊन आली होती. चुलीपाशी बसली, कॉफीचा मातीचा पेला दोन्ही हातांत धरला आणि त्यावरची वाफ फुंकली. मग म्हणाली, "तुमचे किती हाल झाले असतील, कोमाद्रे. रोज उठून मरणाऱ्या जिवाकडं बघायचं."

हासिंताला वाटलं, चूल फाटावी आणि आपण आत जावं.

"भुकटी घातली होती ना त्यांना?" दोमितिलानं विचारलं.

आता सांगायचं होतं. एवढंच तर सांगायचं होतं. हासिंताच्या तोंडातून आलं, "घातली की."

"आणि तुमच्यांना?"

हासिंतानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. फुंकणी शोधली. ती हाताशीच होती.

"नाही ना घातली?" दोमितिला पुढं झुकली. "म्हणजे तुम्ही माझ्या पाखरांना घातलीत, तुमची तशीच ठेवलीत. म्हणून तुमची जगली! अहो, त्या पोरीनं विष दिलं आपल्याला! काट्याच्या झाडाचं बी कधी कुणी खाल्लंय का? आणि तुम्ही आपल्याआधी माझ्यांना दिलंत, माझं चांगलं व्हावं म्हणून." तिचे डोळे भरून आले. तिनं हासिंताच्या पाठीवरून हात फिरवला. "यात तुमचा काय दोष?"

हासिंता हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. जगात जेवढं खोटं बोललं जातं त्यातलं अर्धं असंच न बोलता बोललं जातं. दोमितिला जायला निघाली तेव्हा हिनं घाईघाईनं म्हटलं, "माझे तिन्ही तुम्ही घेऊन जा. लग्नाला."

"अहो, पण तुमची पाखरं ती..."

"एल्पिदिओ माझाही मुलगा आहे."

दोमितिला दारातच रडायला लागली. तिनं हासिंताचा हात उचलून कपाळाला लावला. तो हात रात्रभर हासिंताला आपला वाटेना.

दोमितिलानं धुण्याच्या दगडांवर जाऊन सगळ्या बायकांना सांगितलं. काय ती माझी कोमाद्रे! आणि काय ती सटवी पशुखात्याची! बायकांनी घरोघरची भुकटी चुलीत घातली. कुजका मका मात्र घालायचा तो घालतच राहिल्या, कारण मका काय, मका बापजाद्यांचा. थोड्याच दिवसांत तिबुर्सियाच्या उरलेल्या कोंबड्या एकेक करून आडव्या झाल्या. म्हातारी अंडी विकून मीठ-साबण आणायची. ती हासिंताच्या दारावरून गेली तेव्हा तिच्या हातात रिकामी टोपली होती. "बी फार दिवस अंगात राहतं वाटतं," ती म्हणाली. "मी तर कधीच बंद केलं, तरी मरतायत." हासिंता दारातून आत गेली आणि निवडलेलीच कणसं पुन्हा निवडत बसली. नाबोर भाकरी तिच्यापुढं सारायचा आणि ती तशीच वाळून जायची.

---

रस्ता उघडला. ब्रिसेइदा सकाळीच आली, बूट चिखलानं भरलेले, पाठीवर तीच पेटी. तिला वाटलं होतं नेहमीसारखं कुणीतरी कॉफी देईल. ती धुण्याच्या दगडांपाशी पोचली तर एकीनंही मान वर केली नाही. तिनं टेकायला पाहिलं तो दगड एकीनं ओला कपडा टाकून अडवला. पोरगी पेटी पाठीवर घेऊन तशीच उभी राहिली.

"आज काय आणलंस?" दोमितिलानं विचारलं. "आमची पोरं मारायला काही आणलंस का? पाखरं तर झाली."

"काय झालं, मावशी?"

"काय झालं विचारते! माझ्या पोराच्या लग्नाचे तीन नर गेले तुझ्या भुकटीनं. हिच्या कोंबड्या गेल्या. आज दुपारी पंचायत बसणार आहे. पुन्हा या गावात पाय ठेवलास तर बघ."

ब्रिसेइदाचा चेहरा पांढरा पडला. "त्या बियांनी पाखरू मरत नाही," ती म्हणाली. "मका कुठला घातलात?"

"मक्याला नाव ठेवू नकोस!" तिबुर्सिया ओरडली. कुणीतरी साबणाचं पाणी पोरीच्या बुटांवर फेकलं. तिनं पाय मागं घेतला, पण हलली नाही. रडू दाबायला तिनं ओठ आत ओढून धरले होते. असेल फार तर एल्पिदिओच्या वयाची.

"कोमाद्रे," दोमितिला वळली, "तुम्ही सांगा हिला. तुमच्या डोळ्यांदेखत मेले ना?"

सगळ्यांनी हासिंताकडं बघितलं. तिच्या हातात नाबोरचा सदरा होता, अर्धा पिळलेला. पाणी कोपरावरून खाली गळत होतं. आता गप्प राहिलं तर पोरगी जाईल, बियाणं जाईल, आणि आपण चांगली बाई म्हणूनच राहू. मरेपर्यंत. तेवढं आयुष्य तिला फार लांब वाटलं.

"मी तुमच्या पाखरांना भुकटी घातलीच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"संपत आली होती. उरली ती मी माझ्यांना घातली. लसूण, ओरेगानो, सगळं माझ्यांना. तुमच्यांना नुसता कुजका मका. रोज. घरात चांगला होता, तो दिला नाही. म्हणून तुमचे मेले आणि माझे जगले. हिच्या बियांनी कुणी मेलं नाही."

तिबुर्सियानं आपल्या हातांकडं बघितलं. "म्हणजे मी भुकटी चुलीत घातली ती..." एवढं बोलून म्हातारी खाली बसली.

ब्रिसेइदानं पेटी खाली ठेवली. हासिंताला वाटलं, ही आता दोन चांगले शब्द बोलेल. पोरगी म्हणाली, "इतके दिवस तुम्ही गप्प होतात? या आजींच्या कोंबड्या वाचल्या असत्या." आणि तिनं तिच्याकडं पाठ करून तिबुर्सियाला हात देऊन उठवलं.

दोमितिलापुढं जाड घोंगडी होती, एकटीला न पिळवणारी. वर्षानुवर्षं तिचं एक टोक ती पिळायची आणि दुसरं हासिंता. हासिंताचा हात सवयीनं पुढं झाला. दोमितिलानं घोंगडीचं टोक ओढून घेतलं आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "जरा धरता का?"

त्याच संध्याकाळी नाबोरनं कुदळ घेतली. माळ्यावरची डावीकडची सगळी कणसं दोघांनी खाली ओढली आणि परसाच्या कोपऱ्यात पुरली. हासिंता माती लोटत होती आणि मोठ्यानं रडत होती. मक्यासाठी रडतेय असं शेजाऱ्यांना वाटलं.

---

लग्नाच्या दिवशी ऊन पडलं. हासिंता नवा झगा न घालता चुलीपाशी बसून राहिली. तिला कुणी बोलावणं पाठवलं नव्हतं. नाबोर म्हणाला, "जाऊ या. मागं उभं राहू." ती म्हणाली, "तू जा." तोही गेला नाही.

खालून व्हायोलिन आणि गिटार ऐकू यायला लागले. फटाका उडाला. मिरवणूक चढण चढत होती, आणि वरच्या वाडीची वाट हिच्याच दारावरून जात होती. हासिंतानं दार लोटून घेतलं. वाद्यं जवळ आली, अगदी दाराशी आली, आणि थांबली.

दारावर थाप पडली. नाबोरनं उघडलं. बाहेर दोमितिला उभी होती, केसांत फुलं, कवेत हासिंतानं दिलेल्या तिघांतला एक नर, पंख फुलवलेला, झालर लालभडक, गळ्यात कागदी फुलांची माळ. मागं एल्पिदिओ खाली बघत उभा. त्याच्यामागं सगळं गाव.

"उचला," दोमितिला म्हणाली.

हासिंता उठली. तिचे हात राखेनं भरले होते. "कोमाद्रे, मी..."

"पोराला धर्माची आई एकच असते. दुसरी कुठून आणू? रीत मोडली तर त्याला बाधेल." तिनं पाखरू हासिंताच्या हातात दिलं. ते जड होतं, गरम होतं, त्याची छाती तिच्या मनगटाशी धडधडत होती. तिनंच जगवलेलं होतं ते. दोमितिला तिच्या कानाशी वाकली. लोकांना वाटलं, दोघींचं मिटलं.

"नाचा," ती म्हणाली. "फक्त नाचताना माझ्याकडं बघू नका."

व्हायोलिन सुरू झालं. हासिंता पाखरू छातीशी धरून वरच्या वाडीपर्यंत सगळी चढण नाचत गेली. बाया म्हणाल्या, काय मान खाली घालून नाचतेय, नव्या नवरीसारखी. तिला पायाखालची वाट तेवढी दिसत होती.